सरकारी कामांनीं बेकारी हटते काय ?

दर चार-दोन वर्षांनीं सरकारची एखादी नवी रोजगार योजना निघते. तिचें नांव लांबलचक असतें, तिच्या पाट्या चौकांत लागतात, आणि लगेच दोन तऱ्हेचे लोक बोलूं लागतात. पहिले म्हणतात, "आतां बेकारी हटलीच म्हणून समजा." दुसरे म्हणतात, "हा सारा पैसा पाण्यांत गेला. फुकट खाऊन लोक आळशी झाले." या दोघांनींही बहुधा वैशाखाच्या उन्हांत टिकाव मारलेला नसतो. ज्यांनीं मारला आहे त्या आमच्या शेतकरी, मजूर व कारागीर वाचकांनीं या प्रश्नाचा हिशेब स्वतःच मांडला पाहिजे. कारण योजना फसली तर उपाशी राहणारे तेच, आणि योजनेच्या नांवानें बोल खाणारेही तेच. या हिशेबाला बीजगणित लागत नाहीं. काम किती दिवस मिळालें, दाम केव्हां हातीं पडले, आणि काम संपल्यावर गांवांत मागें काय उरलें, एवढ्या तीन गोष्टी विचारल्या म्हणजे पुरे.

प्रथम बेकार कोणास म्हणावयाचें हें ठरवूं. भारत सरकारच्या श्रमबल पाहणीप्रमाणें जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षांत पंधरा वर्षांवरील जीं माणसें काम करितात किंवा काम शोधतात, त्यांत बेकारांचें प्रमाण शेंकडा ३.२ होतें. शंभरांत अवघे तीन ! हा आंकडा वाचून परक्यास वाटेल कीं, या देशांत सोन्याचा धूर निघत आहे. परंतु मोजणीची रीत अशी आहे कीं, ज्यानें वर्षांतून तीस दिवस कोठेंतरी दुय्यम काम केलें, तोही कामांत असलेला धरला जातो. उरलेले अकरा महिने त्यानें काय खाल्लें हें तो आंकडा विचारीत नाहीं. खरी गोष्ट अशी आहे कीं, गरिबाला बेकार राहणें परवडतच नाहीं. तो मिळेल तें, मिळेल त्या दामानें करितो. म्हणून खेड्यांतील बेकारी ही माणसांच्या डोक्यांवरून मोजण्याची नसून दिवसांवरून मोजण्याची आहे. कोरडवाहू मुलखांत पेरणीला आणि सुगीला हात कमी पडतात. रब्बीची ज्वारी घरांत आली कीं तेच हात मृगापर्यंत रिकामे. ही झाली पहिली बेकारी.

दुसरी बेकारी शिकलेल्या मुलांची. त्याच पाहणींत १५ ते २९ वर्षांच्या तरुणांतील बेकारी शेंकडा १०.२ निघाली. ज्या मुलाला बाप जमीन गहाण टाकून चार वर्षें पोसूं शकतो तो "बेकार" म्हणून मोजला जातो. भूमिहीनाच्या पोराला तेवढी सवड नसते, तो दुसऱ्या दिवशीं विटांच्या भट्टीवर असतो. आणि तिसरी बेकारी सुतार, लोहार, कुंभार, चांभार, कोष्टी यांची. त्यांच्या हातांत कसब आहे, पण त्या कसबाला गिऱ्हाईक नाहीं. तीन रोग आहेत आणि औषध मात्र एकच पाजावयाचें, ही आमच्याकडील चाल. म्हणून प्रत्येक रोगाचा विचार वेगळा केला पाहिजे.

पहिल्या रोगावरचें औषध म्हणजे सरकारी मजुरीचीं कामें. तीं कांहीं आजचीं नव्हेत. १८७६-७७ च्या दुष्काळांत इंग्रज सरकारनें अशीं कामें काढलीं होतीं. खर्च फार होतो म्हणून १८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल यांनीं मजुराचा रोजचा पोटापुरता भाग एक रत्तल धान्य व एक आणा इतका खालीं आणिला. दिवसभर खडी फोडणाऱ्या गड्यानें एक रत्तल धान्यावर जगावें, असा तो हिशेब होता. मुंबई इलाख्यांतील हजारों मजुरांनीं तीं कामें सोडून दिलीं. उपाशी माणसानें काम नाकारावें, यावरून तें काम कसें होतें हें समजावें. पुढें १८८० च्या दुष्काळ कमिशनानंतर नियम झाले. पण मूळ कल्पना तीच राहिली. सरकारनें दुष्काळ जाहीर केला तर काम, सरकारनें दुष्काळ संपला म्हटलें कीं काम बंद. काम हें दान होतें, आणि दान दात्याच्या मर्जीवर चालतें.

ही कल्पना बदलली ती आमच्याच महाराष्ट्रांत, आणि हें आमच्या लोकांनीं विसरूं नये. विधान परिषदेचे त्या वेळचे सभापति श्री. वि. स. पागे हे तासगांव तालुक्यांतील विसापूरचे. खेड्यांतील धडधाकट माणसानें काम मागितलें तर तें देणें सरकारवर बंधनकारक असावें, हा विचार त्यांनीं मांडला, आणि दुष्काळापूर्वींच आपल्या भागांत त्याचा प्रयोगही करून पाहिला. १९७२ सालीं, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असतां, रोजगार हमी योजना सुरू झाली. आणि त्याच वर्षीं पावसानें असा दगा दिला कीं, म्हाताऱ्या माणसांस आजही वर्षें मोजतांना "बहात्तरच्या आधीं" आणि "बहात्तरच्या मागून" असें म्हणावें लागतें. मे १९७३ मध्यें राज्यांत सुमारें ५० लाख माणसें दुष्काळी कामांवर होतीं. खडी, पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. हातांत घमेलें आणि पदरांत सुकडी. पीक बुडालें, गुरें गेलीं, अंगावरचें मांस झडलें. पण १८७७ सारखीं गांवेंच्या गांवें मसणांत गेलीं नाहींत. याचें कारण परदेशांतून आलेला मायलो नव्हे एवढा, जेवढा मजुरांच्या हातांत पडलेला रोख पैसा होय. बाजारांत धान्य असून खिशांत पैसा नसला तरी माणूस मरतो, हें लक्षांत ठेवावें.

१९७७ मध्यें या योजनेचा कायदा झाला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. मागेल त्याला काम, मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, न दिल्यास भत्ता, बाईला आणि पुरुषाला एका मापास एकच दर. या शेवटच्या कलमाचें मोल पुरुषांस कळावयाचें नाहीं. ज्या बाईला पाटलाच्या रानांत गड्याच्या निम्मी मजुरी मिळत होती, तिला सरकारी खड्ड्यावर त्याच्याएवढी मिळूं लागली. म्हणून या कामांवर निम्म्याच्या आसपास बाया दिसत. पैसा कोठून आणावयाचा हेंही त्या वेळीं ठरलें. १९७५ सालीं नोकरदार व व्यावसायिक यांजवर व्यवसाय कर बसविला गेला. आजही आमच्यासारख्या मास्तरांच्या पगारांतून दरमहा दोनशें, व फेब्रुवारींत तीनशें रुपये तो कापला जातो. शहरांतील पगारदार कुरकुरतो, पण ज्याच्या घामावर शहराची भाकर भाजते त्याच्या पडत्या दिवसांसाठीं पगारदारानें दोन पैसे घालणें यांत गैर तें काय ?

आतां योजनेनें साधलें काय तें पाहूं. साधलेली पहिली गोष्ट म्हणजे मजुराची मान वर झाली. गांवांत दुसरें काम मिळतें एवढें नुसतें ठाऊक असलें तरी "येतोस तर ये, नाहींतर चालूं लाग" असें म्हणणाऱ्याची जीभ आवरते. २०१० च्या सुमारास त्या वेळच्या अखंड आंध्र प्रदेशांत, केंद्राच्या रोजगार हमीची मजुरी वेळेवर व गळतीशिवाय पोंचविण्याची व्यवस्था कांहीं मंडलांत आधीं व कांहींत मागाहून केली गेली. अर्थशास्त्रज्ञांनीं दोहोंची तुलना केली. जेथें व्यवस्था सुधारली तेथें गरीब घरांचें उत्पन्न वाढलें. पण त्या वाढीच्या रुपयांतील सुमारें चौदा आणे योजनेच्या मजुरीचे नव्हते, ते बाहेरच्या कामाचे व वाढलेल्या बाहेरच्या मजुरीचे होते. शिवाय खासगी काम कमी झालें नाहीं, उलट वाढलें. "लोक आळशी झाले" म्हणणारांनीं हें एकदां वाचावें.

साधलेली दुसरी गोष्ट म्हणजे मागें उरलेलें काम. "खड्डे खणावयाचे आणि बुजवावयाचे" असें हंसून म्हणण्याची चाल आहे. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या विद्यमानें महाराष्ट्रांतील शंभर गांवांतील चार हजारांवर कामें प्रत्यक्ष जाऊन तपासलीं गेलीं व त्याचा अहवाल २०१४ सालीं निघाला. शंभरांतील ८७ कामें जागेवर होतीं व उपयोगांत होतीं. चारांतील तीन कामें शेतीशीं जोडलेलीं होतीं. आणि विचारलेल्या शंभर माणसांपैकीं नव्वदांनीं तीं उपयोगी आहेत असें सांगितलें. १९९० पासून या योजनेंतून शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानांत फळबागा लावण्याची सोय झाली. कोंकणांतील आंबा-काजू व देशावरील बोर, सीताफळ, डाळिंब यांच्या कित्येक बागा त्यांतूनच उभ्या राहिल्या. हिवरे बाजार या दुष्काळी गांवानें १९९० नंतरच्या दशकांत डोंगरावर चर खणले, बंधारे घातले, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट केली. साठलेलें पाणी कोणी किती उपसावें यावर गांवानें बंधन घातलें. शेतीसाठीं बोअर नाहीं, ऊस नाहीं. बाहेर गेलेलीं कुटुंबें परत आलीं. यावरून धडा असा कीं, पाणी अडविण्याचें काम सरकारी पैशानें होईल, पण अडविलेलें पाणी एकाच्याच मोटारीनें ओढून नेलें तर शेजाऱ्याची बेकारी जशीच्या तशी राहील.

इतकें चांगलें असतां बेकारी हटली कां नाहीं ? याचें उत्तर योजनेच्या कल्पनेंत नसून ती राबविण्यांत आहे. १९८८ सालीं मजुरीचा दर जवळजवळ दुपटीनें वाढवावा लागला. दर वाढला तसें काम मागणारे वाढावयास हवे होते. पण झालें उलटेंच, कामावरची हजेरी घटली. ज्यांनीं याचा अभ्यास केला त्यांना आढळलें कीं, मागणारे होते, काम काढणें मंदावलें होतें. कायद्यांत "मागेल त्याला" लिहिलेलें, आणि कचेरींत "दिसेल त्याला" ! कायदा खोटा ठरवावयाचा असला तर तो रद्द करावा लागत नाहीं. नवीं कामें मंजूर न करणें, अर्जाची पोंच न देणें, मजुरी लांबणीवर टाकणें, एवढें केलें कीं तो आपोआप मरतो.

केंद्र सरकारनें २००५ सालीं राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. तो २ फेब्रुवारी २००६ पासून २०० जिल्ह्यांत व एप्रिल २००८ पासून साऱ्या ग्रामीण देशांत लागू झाला, आणि पुढें २००९ मध्यें त्यास महात्मा गांधींचें नांव दिलें गेलें. घरटीं वर्षाला शंभर दिवसांची हमी होती. प्रत्यक्षांत ज्या घरांस काम मिळालें त्यांस सरासरीनें कोणत्या वर्षीं चाळीस, कोणत्या वर्षीं पन्नास, फार झालें तर चोपन्न-पंचावन्न दिवस मिळाले. शंभर दिवस पुरे केलेलीं घरें साधारणपणें दहांत एकही नसे. मात्र २०२०-२१ सालीं, करोनाच्या टाळेबंदीनें लक्षावधि माणसें शहरांतून पायीं गांवीं आलीं तेव्हां, सात कोटींवर घरांस या योजनेनें ३८९ कोटी मनुष्यदिवसांचें काम दिलें. त्या वर्षीं कारखाने बंद, हॉटेलें बंद, बांधकामें बंद. उघडी होती ती ही एकच खिडकी. ज्यांनीं तिची थट्टा केली होती तेही त्या वर्षीं गप्प बसले. म्हणजे संकटांत तारून नेण्याचें काम ती करिते यांत शंका नाहीं. संकट नसलेल्या वर्षीं ती अर्धवट चालते, हें दुखणें आहे.

हें दुखणें पुरें समजून घ्यावयाचें तर ऊसतोडीच्या मुलखांत यावें. बीड जिल्ह्यांतील पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर या भागांतून दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोच्या जोड्या कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात आणि चैत्रापर्यंत परतत नाहींत. आम्हां मास्तरांपाशीं बेकारी मोजण्याचें एक साधन आहे, तें म्हणजे शाळेचें हजेरीपत्रक. दिवाळीच्या सुटीनंतर वर्ग भरतो तेव्हां ज्या ओळींत बोटें घालावयास जागा नव्हती तेथें दोन-दोन मुलें बसतात. सरकारनें मागें राहणाऱ्या मुलांसाठीं हंगामी वसतिगृहांची सोय केली आहे, ती चांगली आहे. पण पांच वर्षांची पोर आईला सोडून वसतिगृहांत राहत नाहीं, आणि दहा वर्षांची पोर पाचटावर धाकट्याला सांभाळावयास लागते म्हणून तिला नेतातच.

लोक विचारतात, गांवांत हमीचें काम असतां हे लोक जातात कां ? उत्तर सोपें आहे. मुकादमाचा पैसा आधीं येतो, सरकारचा मागाहून. मुकादम श्रावण-भाद्रपदांत दारांत येऊन एका कोयत्यास पन्नास हजार, लाख अशी उचल एकदम मोजून देतो. त्यांत पोरीचें लग्न उरकतें, दवाखान्याचें देणें फिटतें, सावकाराचें तोंड बंद होतें. सरकारी कामाची २०२५-२६ ची महाराष्ट्रांतील मजुरी दिवसाला ३१२ रुपये. पन्नास दिवस मिळाले तरी ती १५,६०० होते, आणि तीही कधीं पंधरा दिवसांनीं, कधीं तीन महिन्यांनीं. कायद्यांत पंधरा दिवसांत मजुरी लिहिली होती आणि उशीर झाल्यास भरपाईही लिहिली होती. पण ती भरपाई दिवसाला शेंकडा पांच पैसे! शंभर रुपये अडकवून ठेवले तर दिवसाचा दंड पांच पैसे. ज्याच्या घरीं आज संध्याकाळीं तेल नाहीं त्याला तीन महिन्यांनीं मिळणारे दाम म्हणजे वरातीमागून घोडें. मुकादम पिळतो हें त्यांस ठाऊक आहे. फड सोडला तर बाकी फिरते, पुढच्या वर्षीं पुन्हा त्याच्याच गळ्यांत दोर, हेंही ठाऊक आहे. तरी ते जातात, कारण वेळेवर देणारा पिळवणारा हा उशिरां देणाऱ्या धर्मात्म्यापेक्षां पोटाला जवळचा वाटतो. सरकारला मुकादमावर मात करावयाची असेल तर त्यानें आधीं मुकादमाइतकें वेळेवर व्हावें.

चोरी होत नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. रात्रीं यंत्रानें माती उकरावी आणि दिवसा हजेरीपत्रकावर नांवें चढवावीं, मेलेल्या माणसानेंही खातें चालवावें, हे प्रकार गांवोगांवीं सर्वांस माहीत आहेत. पण त्यावर जो इलाज झाला तो रोग्यालाच बांधून ठेवण्याचा. जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवर दिवसांतून दोन वेळां मोबाईलवर फोटो काढून हजेरी, आणि जानेवारी २०२४ पासून मजुरी आधार जोडलेल्या खात्यांतच. जेथें दरींत मोबाईलला रेंज नाहीं तेथें बाईनें दिवसभर माती वाहिली तरी फोटो गेला नाहीं तर हजेरी नाहीं. आधार कार्डावर नांवाची एक वेलांटी चुकली तर तालुक्याला चार फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीस एक दिवसाची मजुरी खर्च. चोर मात्र त्याच मोबाईलवर जुन्या फोटोचा फोटो काढून मोकळा ! चोरीवर खरा पहारा एकच. तो म्हणजे गांवाच्या डोळ्यांचा. हजेरीपत्रक दर आठवड्यास चावडीवर मोठ्यानें वाचावें. कोण कामावर होता आणि कोण नव्हता हें गांवाला तोंडपाठ असतें.

येथें आमच्या शेतकरी बंधूंशीं दोन शब्द स्पष्ट बोलले पाहिजेत. "हमीमुळें मजूर मिळत नाहीं, मजुरी परवडत नाहीं," ही तक्रार आम्ही रोज ऐकतों. मजूर महागला हें खरें. पण दादा, तुमचा कांदा, तुमचें सोयाबीन, तुमचा कापूस ज्या वर्षीं मातीमोल जातो, त्या वर्षीं तो भाव काय खुरपणाऱ्या बाईनें पाडलेला असतो ? भाव पाडणारा एकीकडे बसलेला असतो आणि आपण बांधावर आपसांत भांडत असतों. शिवाय दोन एकर कोरडवाहूचा धनी हा सहा महिने शेतकरी आणि सहा महिने मजूर असतो. आज तो ज्या मजुरीच्या नांवानें बोटें मोडतो तीच फाल्गुनांत त्याच्या बायकोला मिळावयाची असते. शेतकऱ्याला मालाचा दाम आणि मजुराला घामाचा दाम, हीं दोन मागणीं एकाच तोंडानें करावयास शिकलें पाहिजे.

आतां नव्या कायद्याकडे वळूं. डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें जुन्या हमी कायद्याच्या जागीं "विकसित भारत – गॅरंटी फॉर रोजगार अँड आजीविका मिशन (ग्रामीण)" या नांवाचा कायदा केला. त्यांत शंभराचे १२५ दिवस केले आहेत. दिवस वाढले ही चांगली गोष्ट. पण ज्या घराला शंभरांतील पन्नासच मिळत होते त्याला सव्वाशें हा आंकडा म्हणजे रिकाम्या ताटावर मोठें झांकण. दुसरें असें कीं, पूर्वीं अंगमेहनतीच्या मजुरीचा सारा भार केंद्र सरकार उचलीत असे; नव्या कायद्यांत बहुतेक राज्यांस शंभरांतील चाळीस रुपये स्वतः घालावयाचे आहेत, आणि केंद्रानें आंखून दिलेल्या रकमेपलीकडचा खर्च राज्यानेंच सोसावयाचा आहे. पैसा आधीं आंखला आणि मग काम मागण्यास सांगितलें, तर हमी कसली ? आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार ? तिसरें, पेरणी व सुगीच्या भरांत राज्यानें जाहीर करावें तेव्हां मिळून साठ दिवस कामें बंद ठेवण्याची तरतूद आहे. अल्पभूधारकाला यांत फारसें नुकसान नाहीं, तो त्या दिवसांत स्वतःच्या रानांत असतो. परंतु भूमिहीन बाईला चार पैसे जास्त मागण्याचा हंगाम तोच, आणि तेव्हांच तिचा दुसरा दरवाजा बंद होणार. शिवाय त्या तारखा मुंबईंत ठरल्या तर भाताच्या मुलखाची सुगी ज्वारीच्या मुलखावर लादली जाईल. ज्या राज्यानें देशाच्या कितीतरी आधीं, स्वतःच्या करानें ही हमी चालविली, त्या महाराष्ट्राला "पैसा नाहीं" ही सबब शोभत नाहीं.

दुसऱ्या रोगाकडे, म्हणजे शिकलेल्यांच्या बेकारीकडे, पाहिलें तर औषध याहून पातळ आहे. २०२४ सालीं राज्य सरकारनें मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना काढली. बारावी झालेल्यास दरमहा सहा हजार, आय. टी. आय. अथवा पदविका झालेल्यास आठ हजार, पदवीधरास दहा हजार. मुदत सहा महिने, ती पुढें अकरा झाली. ग्रामपंचायतींत, दवाखान्यांत, शाळांत असे तरुण आले. मुलें चांगलीं असतात. काम शिकतात, वर्ग सांभाळतात, संगणकावर माहिती भरतात. आणि काम हातांत बसलें न बसलें तोंच मुदत संपते, प्रमाणपत्र मिळतें, मुलगा पुन्हा पारावर. त्यांनीं कायम करा म्हणून मोर्चे काढले यांत नवल काय ? ज्या सरकारच्या स्वतःच्या मंजूर जागा लाखांवर रिकाम्या आहेत, त्यानें त्याच कचेऱ्यांत सहा महिन्यांचे उमेदवार बसवावे, ही बेकारी कमी करण्याची रीत नव्हे; बेकारीला पाळी लावून देण्याची रीत आहे. तीस उमेदवारांना पाळीनें बसविण्यापेक्षां दहा जागा कायमच्या भराव्या, म्हणजे निदान दहा घरें तरी उभीं राहतील.

तिसरा रोग कारागिरांचा. सुताराच्या हातांत टिकाव दिला तर त्याचें पोट एक महिना भरेल, पण त्याचें कसब तेवढेंच मरेल. सप्टेंबर २०२३ मध्यें केंद्रानें पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा धंद्यांस शिक्षण, शिकतांना रोजचे पांचशें रुपये, हत्यारांसाठीं पंधरा हजार, आणि शेंकडा पांच व्याजानें आधीं एक लाख व मग दोन लाख कर्ज. हेतु चांगला. पण हत्यार हें काम नव्हे. लोहाराला भाता मिळाला आणि गांवांत ट्रॅक्टरचा नांगर बाहेरून येतो. सुताराला रंधा मिळाला आणि शाळेचीं बाकें दूरच्या कारखान्यांतून लोखंडी येतात. सरकार हें स्वतःच सर्वांत मोठें गिऱ्हाईक आहे. शाळांचीं बाकें व दारें, अंगणवाडीचीं खेळणीं, वसतिगृहांच्या चादरी, दवाखान्याच्या खाटा या वस्तूंचा ठराविक हिस्सा तालुक्यांतील कारागिरांकडूनच घ्यावा, असा नियम झाला तर कर्ज न देतांही त्यांचा भाता पेटेल. गिऱ्हाईक न देतां कर्ज देणें म्हणजे पोहतां न येणाऱ्यास दगड बांधून विहिरींत सोडणें होय.

तेव्हां मथळ्यांतील प्रश्नाचें आमचें उत्तर हें : सरकारी कामांनीं खेड्यांतील दिवसांची बेकारी खात्रीनें कमी होते, पण चार अटींवर. काम मागणें हा हक्क असला पाहिजे, मजुरी आठवड्यांत हातीं पडली पाहिजे, हंगाम पाहून काम निघालें पाहिजे, आणि त्या कामानें रानांत पाणी व ओल राहिली पाहिजे. या अटी पाळल्या तेथें लोकांनीं घराला कुलूप लावलें नाहीं. मोडल्या तेथें योजनेच्या नांवावर फक्त पाट्या उरल्या. शिकलेल्यांची व कारागिरांची बेकारी मात्र मजुरीच्या कामानें वा सहा महिन्यांच्या उमेदवारीनें हटणार नाहीं. तिला कायमच्या जागा आणि बांधलेलें गिऱ्हाईक पाहिजे.

नुसतें वाचून वर्तमानपत्र चुलींत घालूं नका. येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जा, आणि घरांतील बायांना बरोबर न्या. काम त्या करितात आणि ठराव पुरुष करितात ही चाल पुरे झाली. मुकादम उचल घेऊन येण्यापूर्वीं वीस-पंचवीस घरांनीं मिळून कामाची लेखी मागणी करा, आणि तारखेची पोंच घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरूं नका. पोंच नसेल तर मागणी झालीच नाहीं असें समजा. कोणतीं कामें काढावयाचीं त्याची यादी गांवानें करावी, तींत पाण्याचीं कामें आधीं. कामें बंद ठेवावयाचे दिवस आपल्या पिकाप्रमाणें असावे असा ठराव करून वर पाठवा. आणि हजेरीपत्रकाचें वाचन दर आठवड्यास उघड्यावर करा. वाचणारा मिळत नाहीं ही सबब सांगूं नका. सहावी-सातवींतील कोणतीही पोर तें खडखडीत वाचून दाखवील. तिला नांवें वाचतां येतात, आंकडे जुळवितां येतात, आणि बापाच्या नांवापुढें किती दिवस लिहिले आहेत हें तिला आजच समजलें तर पुढें तिला कोणी फसवूं शकणार नाहीं.